शिल्प कसे संपेल, हे आधी ठरवावे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. गळलेली पाने, काटक्या, चिखल आणि दगड यांपासून उघड्यावर केलेली आपली कामे काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत मोडतात, तेव्हा ती टिकवण्यासाठी गोंद, तार किंवा वार्निश वापरावे का, हा पहिला प्रश्न. काम मोडल्यावर हाती फक्त छायाचित्र उरते, मग शिल्प कशाला म्हणायचे, मोडलेल्या वस्तूला की छायाचित्राला, हा दुसरा. आणि काळ हे या कलेचे एक माध्यम आहे असे सगळीकडे म्हटले जाते, त्याचा प्रत्यक्ष काम करताना अर्थ काय घ्यायचा, हा तिसरा. उत्तराची सुरुवात मी तिसऱ्यापासून करते, कारण तो सुटला की पहिल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

उघड्यावर काम करू लागलेला माणूस शेवटचे पान बसवतो, दोन पावले मागे सरतो आणि शिल्प पूर्ण झाले असे मानतो. त्यानंतर वारा, ऊन आणि पाणी जे काही करतात ती त्याच्या लेखी नासधूस असते. एकदा ही समजूत पक्की झाली की प्रत्येक झुळूक शत्रू वाटू लागते आणि सारी बुद्धी टिकवण्याच्या खटपटीत खर्ची पडते. माझे म्हणणे असे आहे की पान, दगड आणि माती जशी पारखून घ्यायची असते, तसाच काळही पारखून घ्यायचा असतो. किती काळ, कोणत्या गतीचा, आणि तो या विशिष्ट द्रव्यावर नेमके काय करणार, हे कामाला हात घालण्यापूर्वी ठरवले पाहिजे, आणि त्यातही शेवटचा टप्पा सर्वांत आधी. हे काम वितळून संपणार, विखरून संपणार, बुडून संपणार, की कुजत कुजत मातीला मिळणार, हे एकदा निश्चित झाले की आकार, जागा, दिशा आणि जोडणी यांचे निर्णय त्यावरून घेता येतात.

याचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे उदाहरण अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराचे आहे. २१ जून २००० रोजी, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्यांनी लंडनच्या रस्त्यांवर १३ प्रचंड हिमगोळे ठेवले. त्यांचे बर्फ स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात गोळा करून शीतगृहात राखून ठेवलेले होते. नुसते हिमगोळे वितळू दिले असते तर ते एक दिवसाचे नवल ठरले असते. परंतु प्रत्येक गोळ्याच्या पोटात त्यांनी निरनिराळ्या वस्तू भरल्या होत्या, कुठे पिसे, कुठे धान्याची कणसे, कुठे काटेरी तार. बर्फ उतरू लागले तसतशा त्या वस्तू पृष्ठभागावर येऊ लागल्या, आधी एखादे टोक, मग घोळका, आणि अखेरीस ओल्या जमिनीवर फक्त त्यांची रास. इथे वितळणे म्हणजे शिल्पाचा नाश होत नव्हता, तर ते वितळण्यामुळेच दिसू लागले होते. शिल्पकाराने काळासाठी एक काम राखून ठेवले होते, आणि ते काम हाताने करता येण्यासारखे नव्हते.

डेव्हिड नॅश या ब्रिटिश शिल्पकाराची गोष्ट याच्या उलट बाजूने येते. १९७८ मध्ये उत्तर वेल्समध्ये एका मोठ्या ओक वृक्षातून त्यांनी धोंड्यासारखा गोलसर ठोकळा कापून काढला. तो ओढ्याच्या पाण्यातून खाली आणून कार्यशाळेत न्यायचा असा बेत होता, पण तो वाटेतच अडकला. नॅश यांनी तो ओढून काढण्याचा हट्ट सोडला, त्याला तिथेच राहू दिले आणि पुढची कित्येक वर्षे त्याच्या प्रवासाची छायाचित्रे, चित्रण आणि रेखाटने करत राहिले. प्रत्येक मोठ्या पुराने तो थोडा पुढे सरकला, मध्ये वर्षानुवर्षे एका जागी पडून राहिला, आणि शेवटी खाडीत पोचून २००३ मध्ये दिसेनासा झाला. २०१३ मध्ये तो पुन्हा दिसला आणि कालांतराने पुन्हा नाहीसा झाला. हे काम योजलेले नव्हते, तरी ते योगायोगाने घडले असे मी म्हणणार नाही. अडकलेल्या लाकडाकडे वाया गेलेला माल म्हणून न पाहता त्याचा पाठपुरावा करत राहणे, हा कलावंताचा निर्णय होता, आणि तो त्यांनी सुमारे २५ वर्षे निभावला.

वाढीचा काळ हा आणखी वेगळा प्रकार. जुझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराने १९६८ मध्ये स्वतःच्या हाताचा धातूतील ठसा एका कोवळ्या झाडाच्या खोडावर मूठ आवळल्यासारखा बसवला. झाड वाढत राहिले आणि मुठीपाशी त्याला आपली वाढ वळवावी लागली. धातू हे काही गळून पडलेले नैसर्गिक द्रव्य नव्हे, पण काळाला विरोध कुठे करायचा आणि मोकळीक कुठे द्यायची, हे त्या कामाइतके नेमके क्वचितच दिसते.

आता द्रव्यांकडे येऊ, कारण 'काळ पारखून घ्या' हे सांगणे सोपे आहे आणि करणे मात्र द्रव्याच्या ओळखीवर अवलंबून आहे. प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने आणि आपापल्या पद्धतीने बदलते, आणि तो बदल बराचसा आधी सांगता येतो.

आपले बहुतेक काम पानांचे आहे. ताज्या पानाच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा असतो. पान झाडापासून सुटले की हे पाणी उडू लागते आणि पाते आकसते, परंतु मधली शीर आणि तिचे जाड फाटे तेवढे आकसत नाहीत, म्हणून पान वळते. कोणते पान वर वळणार, कोणते खाली आणि कोणते पिळवटणार, हे जातीगणिक बदलते. ते पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा काम करण्याच्या आदल्या दिवशी त्याच जागेची मूठभर पाने उन्हात आणि मूठभर सावलीत ठेवून पाहावी. ओले पान अधिक गडद आणि तेजस्वी दिसते, कारण पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे प्रकाश विखुरण्याचे प्रमाण घटते, आणि तोच थर पानाला दगडाशी चिकटवूनही ठेवतो. म्हणजे रंग आणि पकड दोन्ही एकाच पाण्यावर अवलंबून असतात आणि दोन्ही एकदमच जातात. दगडाच्या ज्या बाजूवर ऊन आधी येते तिथली पाने आधी फिकी पडतात आणि तीच आधी उचलली जातात. हे ठाऊक असले की पानांची रेघ कोणत्या टोकाकडून तुटत जाईल हे आपल्या हातात येते.

रंगांच्या बाबतीतही असेच आहे. पानगळीच्या ऋतूत पानातील हरितद्रव्य मोडते आणि आधीपासून तिथे असलेली कॅरोटिनॉइडे ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये उघडी पडतात. लाल रंग देणारी अँथोसायनिने मात्र अनेक जातींत त्याच सुमारास नव्याने तयार होतात. त्यामुळे एकाच झाडाखालच्या पाचोळ्यात हिरव्यापासून तपकिरीपर्यंतचे सगळे टप्पे एकत्र सापडतात आणि ते क्रमाने मांडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यात वावगे काही नाही, परंतु ही मांडणी स्थिर राहणार आहे असे समजून ती करू नये. जी पाने आधी तपकिरी होतात, त्यांचा भाग भोवतालच्या जमिनीच्या रंगात मिसळून जातो आणि उरलेला आकार लहान झाल्यासारखा दिसतो. मी पाने निवडताना याचा मुद्दाम उपयोग करते. जो भाग आधी दिसेनासा व्हायला हवा असेल तिथे लवकर करपणारी पाने, आणि जो सर्वांत उशिरा, तिथे जाड व चिवट पाने लावली की वर्तुळाची कोर होत जाते, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही.

पाने जोडण्याविषयी थोडे बारकाईने सांगते, कारण आपल्या पाठवलेल्या वर्णनात जोड सुटण्याची तक्रार वारंवार येते. एका पानाची कड दुसऱ्यावर बोटभर चढवावी. जोडण्यासाठी झाडाचा टोकदार काटा खालच्या बाजूने घालून वर काढावा आणि थोड्या अंतरावर पुन्हा खाली न्यावा, म्हणजे कापडाला टाका घालावा तसा तो दोन्ही पानांतून दोनदा जातो. काटा मधल्या शिरेतून घातला तर शीर उभी चिरते, आणि शिरेपासून फार दूर, पातळ पात्यात घातला तर पान आकसताना तिथेच फाटते. शिरेच्या जवळ, पण शिरेला न लागता, जिथे बारीक उपशिरा दाट असतात तिथे तो धरून राहतो. पान थोडे सुकू लागले की छिद्र काट्याभोवती आवळते आणि जोड काही वेळ उलट घट्ट होतो. पुढे पान ठिसूळ झाले की तडा त्याच छिद्रापासून सुरू होतो. लोंबती साखळी करायची असेल तर ती नेमकी या दोन अवस्थांच्या मधल्या वेळेत टांगावी. काटा न मिळाल्यास लांब देठाची पाने घेऊन, पुढच्या पानाला चीर पाडून त्यातून देठ ओवता येतो, आणि तो जोड वाऱ्यात काट्यापेक्षा अधिक लवचीक ठरतो.

चिखल तडकतो म्हणून आपण तो सोडून दिला आहे, असे आपण लिहिले आहे. तो सोडू नये. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी धरलेले असते. ते उडाले की कण जवळ येतात आणि थर आकसतो. वरचा भाग आधी सुकून आकसू पाहतो, खालचा ओला भाग त्याला अडवतो, आणि हा ताण सहन होईनासा झाला की भेग पडते. थर जितका जाड, तितक्या भेगा एकमेकींपासून दूर पडतात आणि तुकडे मोठे होतात; थर पातळ असेल तर बारीक जाळी उमटते. या एका नियमावर पुष्कळ काही उभे करता येते. सपाट जागेवर एखादा वळणदार उंचवटा करून तो पूर्ण कडक होऊ द्यावा आणि वरून मऊ चिखलाचा थर असा लिंपावा की पृष्ठभाग अगदी सपाट दिसेल. ओला असताना तिथे काहीच दिसत नाही. सुकू लागले की उंचवट्यावरच्या पातळ थरात बारीक आणि आजूबाजूच्या जाड थरात मोठ्या भेगा पडतात, आणि लपवलेले वळण हळूहळू वर येते. भेगांचेही निरीक्षण करण्यासारखे असते. पहिल्यांदा सुकताना नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात जाऊन मिळते. तोच थर पुन्हा पुन्हा भिजून सुकत राहिला तर ते सांधे बदलत जातात आणि तीन भेगा सारख्या कोनांत एकत्र येऊ लागतात. म्हणजे एकदाच सुकलेला चिखल आणि अनेक पावसांतून गेलेला चिखल जाणत्या डोळ्याला वेगळे दिसतात. भेगा नकोच असतील तर मातीत वाळू मिसळावी, म्हणजे आकसणे कमी होते, आणि वाळलेल्या गवताचे तुकडे घालावे, म्हणजे ते भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. परंतु त्या वाटेने जाण्याआधी भेगांचेच काम निदान एकदा करून पाहावे असा माझा आग्रह आहे.

समुद्रकिनाऱ्यावर काम करणाऱ्याला काळ सर्वांत अचूक मिळतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती अधिक वर येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती खालीच राहते. हे सर्वांना ठाऊक असते, पण पाणी चढण्याचा वेग सारखा नसतो हे फार जण लक्षात घेत नाहीत. नावाड्यांचा एक ठोकळ नियम आहे: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचा पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा पाणी चढते. याचा अर्थ असा की किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात केलेले काम झपाट्याने बुडेल, आणि भरतीरेषेच्या जरा खाली केलेल्या कामाशी पाणी बराच वेळ खेळत राहील. वाळूचा बुरूज लाटेने एकदम कोसळावा असे वाटत असेल तर पहिली जागा; त्याचा पायथा हळूहळू कातरत जावा आणि कडा गोल होत जाव्या असे वाटत असेल तर दुसरी. ओली वाळू उभी राहते ती कणांमधल्या पाण्याच्या सूक्ष्म पुलांमुळे. कोरड्या वाळूत ते पूल नसतात आणि पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूत ते नाहीसे होतात, म्हणून पाणी पायथ्यात मुरू लागले की लाट लागण्याआधीच कडा ढासळू शकते.

गोल्ड्सवर्दी यांनी कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या पांढुरक्या लाकडांचा एक पोकळ घुमट रचला होता. भरतीचे पाणी आले तेव्हा तो फुटला नाही. पाण्याने त्याला उचलले, तो स्वतःभोवती सावकाश फिरू लागला आणि फिरता फिरताच सुटत दूर गेला. लाकूड तरंगते, ही गोष्ट कोणालाही माहीत आहे. घुमटाचा शेवट तिच्यावर सोपवणे, ही मात्र फार विचारपूर्वक केलेली निवड आहे. तिथेच त्याच आकाराचा दगडी घुमट असता तर तो फक्त झाकला गेला असता.

बर्फाविषयी थोडक्यात. गोठणबिंदूखालच्या तापमानात पाणी हाच उत्तम सांधा असतो. बर्फाच्या तुकड्याचे टोक ओले करून दुसऱ्या तुकड्याला धरून ठेवले की ते चिकटते, आणि पातळ सांधे उन्हात सर्वांत आधी सुटतात. मात्र एक गोष्ट उपयोगी पडण्यासारखी आहे. हिमावर ठेवलेले एखादे गडद पान उन्हात तापते, खालचा हिम वितळवते आणि स्वतःच्या आकाराच्या खळग्यात उतरते. याउलट जाड, रुंद दगड खालच्या बर्फाला सावली देतो, भोवतालचे बर्फ उतरते आणि दगड चौथऱ्यावर ठेवल्यासारखा उंच राहतो. हिमनद्यांवर असे नैसर्गिक चौथरे दिसतात. पातळ आणि गडद वस्तू खाली जाते, जाड वस्तू वर राहते. एवढ्यावरून उन्हाकडून उठाव आणि कोरीव असे दोन्ही काम करून घेता येते.

फांद्या आणि लाकूड यांचा काळ वर्षांचा असतो. पॅट्रिक डोहर्टी हे अमेरिकन शिल्पकार कोवळ्या, लवचीक फांद्या विणून खोल्यांएवढ्या मोठ्या रचना उभ्या करतात. एका रचनेला सुमारे तीन आठवडे लागतात आणि ती साधारण दोन वर्षे शोभून दिसते, मग ती काढून टाकतात. ओले लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण वाढवलयांच्या दिशेने ते मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते, म्हणून ओंडका बाहेरून गाभ्याकडे चिरतो. कुजण्याचेही गणित आहे. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. हवेतल्या भागात ओल टिकत नाही, खोल चिखलात हवा पोचत नाही, आणि जमिनीच्या पातळीवर दोन्ही मुबलक असतात. म्हणून रोवलेली कमान बहुधा तिथेच, घोट्याशी मोडते. विणीचा वरचा भाग धडधाकट असताना सगळे एका बाजूला आडवे होणे हा तिचा स्वाभाविक शेवट आहे, आणि ती कोणत्या बाजूला आडवी व्हावी हे उभारतानाच ठरवता येते.

या प्रकारातले मला सर्वांत जवळचे वाटणारे काम इटलीतील वाल दी सेल्ला येथील आर्ते सेल्ला या कलाउद्यानात आहे. इटालियन कलावंत जुलियानो माउरी यांनी २००१ मध्ये तिथे विणलेल्या फांद्यांचे ८० उंच स्तंभ एखाद्या कॅथेड्रलच्या मांडणीत उभे केले आणि प्रत्येक स्तंभाच्या आत हॉर्नबीमचे एक रोप लावले. फांद्यांचा पिंजरा रोपाला आधार देतो, वर्षांगणिक कुजतो, आणि स्तंभाची जागा वाढलेले झाड घेते. माउरी २००९ मध्ये वारले. झाडे वाढतच आहेत. अर्थात काळ आपण आखून दिल्याप्रमाणेच वागेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या वादळाने त्या उद्यानाचे मोठे नुकसान केले. नॅश यांनी १९७७ मध्ये २२ अ‍ॅशची रोपे वर्तुळात लावून, वाकवून, छाटून त्यांचा जिवंत घुमट घडवला, आणि काही दशकांनी त्या झाडांना अ‍ॅश जातीवर पसरलेल्या बुरशीच्या रोगाने गाठले. म्हणून शेवट ठरवावा असे मी म्हणते तेव्हा तो घट्ट बांधून ठेवावा असे मला सुचवायचे नसते. ठरवलेला शेवट मनात असेल तर वेगळा शेवट आला तरी तो नेमका कुठे आणि कशामुळे वेगळा झाला हे ओळखता येते.

दगडांच्या रचनेविषयी आपण फारसे विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगते की सांधेमोड पाळावी, म्हणजे प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसवावा, लांब दगडाचे तोंड बाहेर आणि शेपटी आत ठेवावी आणि पोकळीत चिपा ठासून भराव्या. चुना-सिमेंटाशिवायची रचाई याच गोष्टींवर उभी असते.

आता पहिला प्रश्न. गोंद, तार आणि वार्निश यांना माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. वार्निश लावलेले पान वळत नाही, आकसत नाही, जमिनीत मिसळत नाही. म्हणजे ज्या बदलांविषयी इतका वेळ लिहिले ते सगळे बंद होतात आणि हाती शोभेची वस्तू उरते. तारेचे तर असे आहे की शिल्प संपते आणि ती राहते. पाने गेल्यावर गवतात पडलेली तार किंवा नायलॉनचा दोरा पक्ष्यांच्या आणि लहान प्राण्यांच्या पायांत अडकतो. ज्या कामाचा शेवट आपण ठरवला, त्यातील एक घटक त्या शेवटात सहभागीच होत नसेल तर ती रचनेतीलच चूक समजावी. कलेच्या नियमांचे सोवळे म्हणून मी हे सांगत नाही. साध्या जोडण्यांनी जेवढे उभे राहू शकते, तेवढाच आकार त्या द्रव्याला शोभतो असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. काम अधिक काळ टिकावे अशी खरीच गरज असेल तर जागा बदलावी. वाऱ्याच्या आडोशाला, सावलीत, दमट हवेत, पहाटेच्या शांत वेळी तेच पान कितीतरी जास्त वेळ राहते.

द्रव्य गोळा करण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी ते लिहिणे मला आवश्यक वाटते. जिवंत फांदी, फूल किंवा शेवाळ तोडू नये. पडलेले पुरेसे असते. ओढ्यातले दगड उचलून मनोरे रचण्याची हौस आता फार पसरली आहे आणि ती निरुपद्रवी नाही. त्या दगडांच्या खालच्या बाजूला जलकीटकांच्या अळ्या आणि माशांची अंडी असतात, आणि दगड उलटला की ती उघडी पडतात. डोंगरवाटांवर दगडांच्या राशी वाट दाखवण्यासाठी रचलेल्या असतात; तिथे हौसेने केलेली नवी रास धुक्यात एखाद्याला चुकीच्या दिशेला नेऊ शकते. एका ठिकाणच्या बिया आणि माती दुसऱ्या अधिवासात नेऊ नये. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, आणि ती घेतानाच काम कधी व कसे संपेल हेही सांगावे. परवानगी देणाऱ्याला बहुधा याच माहितीची सर्वांत जास्त गरज असते.

राहिला छायाचित्राचा प्रश्न. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमधील एका गवताळ मैदानावर एकाच रेषेत मागे-पुढे चालत राहून गवत दाबले आणि उमटलेल्या रेषेचे छायाचित्र काढले. गवत पुन्हा उभे राहिले. आज आपण पाहतो ते छायाचित्र. क्यूबन-अमेरिकन कलावंत आना मेंदिएता यांनी १९७३ पासून पुढची काही वर्षे माती, वाळू, फुले आणि अग्नी यांतून स्वतःच्या शरीराच्या आकृत्या जमिनीवर उमटवल्या, त्याही छायाचित्रे आणि छोट्या चित्रफितींतूनच आपल्यापर्यंत आल्या. दोघांच्याही बाबतीत छायाचित्र हे नंतर सुचलेले साधन नव्हते, ते कामाच्या आखणीतच होते. म्हणून मी असे म्हणेन की शिल्प हे त्या जागेवर, त्या काळात घडते. छायाचित्र ही त्याची साक्ष आहे, आणि साक्ष प्रामाणिक असली पाहिजे.

प्रामाणिकपणा इथे कशात असतो? काम ताजे असतानाचे एकच देखणे छायाचित्र दाखवायचे आणि उरलेला काळ लपवायचा, ही आज सर्रास दिसणारी पद्धत आहे. तिच्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की हे काम तसेच होते आणि तसेच राहिले. अमेरिकन कलावंत रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळ्या बेसॉल्ट खडकाची सुमारे १५०० फूट लांबीची सर्पिल वाट बांधली. ती काही वर्षांतच पाण्याखाली गेली, दशकांनंतर क्षारांनी पांढरी होऊन पुन्हा वर आली, आणि पुढे पाणी मागे हटल्यावर कोरड्या जमिनीवर उघडी पडली. तिचे पहिल्या वर्षीचे छायाचित्र एवढेच पाहिलेल्या माणसाने ते काम पाहिले असे मला म्हणवत नाही. तेव्हा कॅमेऱ्याची जागा आणि उंची ठरवून जमिनीवर साधी खूण करून ठेवावी, सुरुवात, मधला काळ आणि शेवट तिथूनच टिपावा, आणि मधल्या अवस्थांपैकी जी कुरूप वाटते ती वगळू नये, कारण द्रव्याचा स्वभाव बहुधा तिथेच सर्वांत स्वच्छ दिसतो. पुढच्या कामासाठी खरा धडा त्या छायाचित्रांतूनच मिळतो: रेघ कुठून तुटली, जोड कोणत्या ठिकाणी सुटला, पाणी कोणत्या बाजूने शिरले.

छायाचित्र प्रसिद्ध करताना त्याच्याखाली द्रव्य, हवामान, काम केव्हा सुरू झाले आणि कोणत्या अवस्थेत ते टिपले, इतके लिहावे. जागा नाजूक असेल, म्हणजे ओढ्याचा काठ, वाळूच्या टेकड्या, शेवाळलेला कडा किंवा घरटी असलेले रान, तर नेमके ठिकाण मात्र लिहू नये. देखण्या छायाचित्रामागोमाग माणसे येतात, ती त्याच जागी तेच करून पाहतात, आणि वाऱ्यापावसाने एका दिवसात मिटवलेल्या कामाच्या जागी तुडवलेली पायवाट पुढची कित्येक वर्षे राहते.